डिकीत १२ इंची आणि १० इंची सबवूफर एकत्र लावले. खालचा बेस वाढण्याऐवजी कमी झाला

अक्कलकोटरोडकर

सर्वांना नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे टॉवेलचे छोटे युनिट आहे. व्यापाऱ्यांच्या भेटीसाठी महिन्यातून तीन-चार वेळा पुण्याला गाडीनेच जावे लागते, आणि जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरचा तो प्रवास मी एकट्याने, गाणी ऐकत करतो. त्यामुळे गाडीतला आवाज चांगला असणे ही माझ्यासाठी चैन राहिलेली नाही. अडचण नेमकी कळावी म्हणून सर्व तपशील देत आहे. लिखाण लांबले तर सांभाळून घ्यावे.

गाडी सेडान आहे. चार वर्षांपासून डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आहे. त्याचा बॉक्स सीलबंद असून आतली जागा साधारण २८ लिटर आहे. सबवूफरला प्रत्येकी ४ ओहम रोधाच्या दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी) आहेत आणि त्या समांतर जोडलेल्या असल्यामुळे ॲम्प्लिफायरवर २ ओहमचा लोड पडतो. ॲम्प्लिफायर मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, आहे आणि २ ओहमला ५०० वॅट देतो. या जोडणीवर मी समाधानी होतो.

दिवाळीत मामेभावाने त्याची गाडी विकली आणि त्यातला १० इंची सबवूफर, त्याचा पोर्ट (हवा ये-जा करणारी नळी) असलेला बॉक्स आणि २५० वॅटचा छोटा मोनो ॲम्प्लिफायर असे सगळे मला दिले. या सबवूफरला ४ ओहमची एकच कॉइल आहे. एकाच्या जागी दोन झाले तर बेस भरदार होईल, या अपेक्षेने मी शहरातल्या एका दुकानात गेलो. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला स्पीकरच्या तारांसाठी दोन जोड्या आहेत, तेव्हा एका जोडीवर १२ इंची आणि दुसऱ्या जोडीवर १० इंची असे तेथील कारागिराने जोडून दिले आणि छोटा ॲम्प्लिफायर तसाच परत दिला.

त्यानंतर दोन गोष्टी घडू लागल्या. पहिली म्हणजे, मोहोळ ओलांडून थोडे पुढे गेले की ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होतो. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते आहे. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणातला ठोका पूर्वीपेक्षा जोरात येतो, परंतु इलेक्ट्रॉनिक बेस जेथे अगदी तळाशी उतरतो तेथे आवाज पोकळ होतो. मी १० इंची सबवूफरची तार काढून पाहिली, तर तळाचा बेस लगेच परत आला. म्हणजे दोन सबवूफर मिळून एकापेक्षा कमी आवाज देत आहेत, आणि हे कसे घडू शकते ते मला कळत नाही.

वेगवेगळ्या आकाराचे सबवूफर एकत्र लावणे मुळातच चूक आहे का? आमच्या ओळखीचे सुतार म्हणतात की, दोन्हींसाठी प्लायचा एकच मोठा बॉक्स करून टाकू. तसे करावे का, की १० इंची विकून मोकळे व्हावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


नवीपेठ फिटर

दादा, आपल्या तक्रारीत दोन स्वतंत्र दोष एकमेकांत मिसळले आहेत. ॲम्प्लिफायर बंद पडणे हा तारांचा दोष आहे आणि तळाचा बेस जाणे हा बॉक्सचा. मी वीस वर्षांहून अधिक काळ हेच काम करतो, त्यामुळे तारांचे मी सांगतो. बॉक्सचे शास्त्र येथील दुसरे सदस्य माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

मोनो ॲम्प्लिफायरवर तारांच्या दोन जोड्या दिसल्या म्हणजे त्याला दोन चॅनेल आहेत असे होत नाही. त्या दोन्ही जोड्या आतून एकत्रच असतात. दोन सबवूफरच्या तारा एकाच स्क्रूखाली कोंबाव्या लागू नयेत एवढ्याचसाठी ती सोय असते. त्यामुळे आपला २ ओहमचा १२ इंची आणि ४ ओहमचा १० इंची समांतर जोडले गेले आणि एकूण लोड १.३३ ओहमवर आला. २ ओहमपर्यंतच्या लोडसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर याला तापून बंद पडणारच, आणि बंद पडतो आहे हे आपले नशीब, कारण संरक्षण देणारे सर्किट नसते तर तो एव्हाना जळाला असता.

काही जण यावर तोडगा म्हणून १२ इंचीच्या दोन कॉइल एकसर जोडून ८ ओहम करतात. मग ८ आणि ४ समांतर आल्याने लोड २.६७ ओहम होतो आणि ॲम्प्लिफायर थंड राहतो. परंतु अशा जोडणीत वॅटची वाटणी उलटी होते. दोघांवर विद्युतदाब सारखाच असतो, म्हणून ज्याचे ओहम कमी त्याच्याकडे वॅट जास्त जातात. आपल्या ॲम्प्लिफायरने २.६७ ओहमला सुमारे ३७५ वॅट दिले, तर त्यातले २५० वॅट लहान सबवूफरकडे आणि फक्त १२५ मोठ्याकडे जातील. मोठा भाऊ उपाशी आणि धाकट्याच्या ताटात दोन वाढी, असा तो प्रकार होईल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, १० इंचीला त्याचा स्वतःचा छोटा ॲम्प्लिफायर परत जोडावा. आकार वेगळे असतील तेव्हा प्रत्येकाचे गेन (आवाज किती वाढवायचा ती पातळी) वेगळे ठेवता आले पाहिजे, आणि ते एका ॲम्प्लिफायरवर कधीच जमत नाही. दोन्ही ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने चालले तर बॅटरीकडून सुमारे ७० अँपिअर खेचले जातील, त्यामुळे मुख्य तार ४ गेजची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तेवढीच जाड असते, परंतु तेवढा करंट वाहून नेत नाही. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, आणि दोन्ही ॲम्प्लिफायरची अर्थिंग गाडीच्या पत्र्यावर एकाच ठिकाणी, रंग खरवडून करावी.

सुतारांच्या सूचनेबद्दल सांगायचे तर, एकच मोठा बॉक्स करूच नये. दोन अगदी सारखे सबवूफर एका हवेत बसवले तर ते बरोबरीने आत-बाहेर होतात आणि बिघडत काही नाही. मात्र १२ इंचीच्या कोनाचे (पुढच्या हलणाऱ्या पडद्याचे) क्षेत्रफळ ४८० ते ५०० चौरस सेंटिमीटर असते आणि १० इंचीचे ३३० ते ३५०. मोठा कोन आत आला की आतली हवा दाबली जाते आणि ती हवा लहान कोनाला बाहेर ढकलते, मग त्याची स्वतःची कॉइल त्या क्षणी त्याला कोठेही नेऊ पाहत असो. बॉक्स एकच हवा असेल तर मध्ये १८ मिलिमीटर प्लायची पूर्ण भिंत घालून, सांधे फेविकॉल आणि सिलिकॉनने बंद करून दोन वेगळ्या खोल्या कराव्यात.

आणखी एक तपासणी घरच्या घरी करावी. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक सबवूफरच्या धन तारेला आणि ऋण टोक ऋण तारेला क्षणभर लावावे. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही सबवूफरवर हे करून पाहावे, कारण जुन्या बॉक्सच्या आत तारा उलट जोडलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत.


खर्ज६९

वरील सदस्यांनी ॲम्प्लिफायरचे काम अचूक सांगितले आहे, तेव्हा मी फक्त हरवलेल्या बेसबद्दल लिहितो. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि माझे ऐकणे मुख्यतः शास्त्रीय संगीताचे आहे, म्हणून उदाहरणही तिकडचेच देतो.

काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, आणि इलेक्ट्रॉनिक संगीत त्याहीखाली, ३० हर्ट्झपर्यंत जाते. आपली तक्रार फक्त या शेवटच्या भागाबद्दल आहे. ढोलाचा ठोका वाढला आहे असे आपण स्वतःच लिहिले आहे. त्यावरून दोष आकारांच्या फरकाचा नसून सीलबंद आणि पोर्टेड या फरकाचा असणार, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. मिरजेहून आणलेले लहान-मोठे दोन तंबोरे एका स्वरात मिळतात ते भोपळ्याच्या मापामुळे नव्हे, तर तारा कशा लावल्या यामुळे.

दोन सबवूफरचे आवाज एकमेकांत कसे मिळतात हे त्यांच्या फेजवर, म्हणजे कोण केव्हा ढकलतो आणि ओढतो या मेळावर, ठरते. समजा चालकाच्या जागी एका विशिष्ट वारंवारतेला १२ इंची एकटा १०० डेसिबल देतो आणि १० इंची एकटा ९६. दोघांचे कोन एकाच वेळी हवा ढकलत असतील, तर बेरीज सुमारे १०४ डेसिबल होते. त्यांच्यात ९० अंशांचा फरक असेल तर ती १०१.५ पर्यंतच पोहोचते. पूर्ण १८० अंशांचा फरक असेल, म्हणजे एक ढकलत असताना दुसरा ओढत असेल, तर ती ९१ डेसिबलवर येते, जे मोठ्या सबवूफरच्या एकट्याच्या आवाजापेक्षा तब्बल ९ डेसिबल कमी आहे. तेच दोन सबवूफर, तेच वॅट, तीच डिकी, आणि जुळले-न जुळले यात १३ डेसिबलचे अंतर.

आता आपल्या दोन बॉक्सकडे पाहू. सीलबंद बॉक्समध्ये आवाज फक्त कोनाच्या पुढच्या बाजूने येतो. पोर्टेड बॉक्समध्ये दोन उगम असतात: कोन, आणि पोर्टच्या नळीतली हवा. बॉक्स ज्या वारंवारतेवर बांधलेला असतो, ज्याला आपण ट्यूनिंग म्हणतो, तेथे कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळे काम नळीतली हवा करते. ट्यूनिंगच्या बऱ्याच वर कोन आणि पोर्ट एकमेकांना धरून चालतात. ट्यूनिंगच्या खाली मात्र पोर्टची हवा कोनाच्या उलट दिशेने हलते आणि कोनापेक्षा थोडी जास्तच हलते. म्हणून तेथे पोर्टेड बॉक्सचा उरलेला आवाज त्याच्या स्वतःच्या कोनाच्या विरुद्ध फेजचा असतो. शेजारी सीलबंद बॉक्स ठेवला की त्याचा कोन योग्य दिशेने हवा ढकलतो आणि पोर्टेड बॉक्स तीच हवा ओढून घेतो. जितके खाली जावे तितका हा फरक १८० अंशांकडे जातो. ट्यूनिंगच्या वर फरक कमी असल्याने तेथे बेरीज होते, आणि म्हणूनच आपला ढोल वाढला आणि तळ गेला.

स्पीकरच्या तारा उलट करून हे सुटणार नाही, हेही सांगून ठेवतो. तसे केल्यास तळाशी बेरीज होईल आणि ६० हर्ट्झच्या आसपास वजाबाकी सुरू होईल. दुखणे फक्त जागा बदलेल.

यात गाडीचाही एक वाटा आहे, आणि तो सुदैवाने आपल्या बाजूचा आहे. बंद गाडीची आतली लांबी सुमारे ३ मीटर धरली तर ५७ हर्ट्झच्या खाली आवाजाची अर्धी तरंगलांबी गाडीत मावत नाही. त्याखाली सबवूफर सगळ्या केबिनची हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि त्यामुळे तळाचा बेस आपोआप उचलला जातो. हिशेबाने ही वाढ दर सप्तकामागे (वारंवारता निम्मी होण्यामागे) १२ डेसिबलपर्यंत असते. प्रत्यक्षात काचा आणि पत्रा थोडे हलतात, त्यामुळे ती त्यापेक्षा कमी मिळते. सीलबंद बॉक्सचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो, म्हणून गाडीत तो इतका सरळ वाटतो. पोर्टेड बॉक्स ट्यूनिंगखाली २४ डेसिबलने उतरतो. ही गणिते बसवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ती पूर्ण केली. सबवूफरच्या कागदावर छापलेले थील-स्मॉल आकडे ते हेच.

माझी सूचना अशी की, आधी मोजावे आणि मग खर्च करावा. मोबाईलवर आवाज मोजणारे आणि ठरावीक वारंवारतेचा सूर देणारे ॲप घ्यावे. मोबाईलचा माईक तळाच्या आवाजाला कमी आकडा दाखवतो, परंतु आपल्याला एकाच वारंवारतेवर तीन आकड्यांची तुलना करायची आहे, त्यामुळे त्याने बिघडत नाही. मोबाईल चालकाच्या डोक्याच्या जागी पक्का बांधावा, काचा बंद ठेवाव्यात, आवाज मध्यम ठेवावा. नंतर ३०, ४५ आणि ६३ हर्ट्झला आधी फक्त १२ इंची, मग फक्त १० इंची आणि मग दोन्ही, असे आकडे लिहून घ्यावेत. त्यानंतर सूर हळूहळू खाली नेत १० इंचीचा कोन कोठे सर्वांत कमी हलतो ते पाहावे; तेच त्या बॉक्सचे ट्यूनिंग.

मोजणी झाल्यावर पोर्टच्या तोंडात घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठासून भरावा आणि तेच आकडे पुन्हा घ्यावेत. टॉवेलची आपल्याकडे वाण नसावी. पोर्ट बंद केला की १० इंचीचा बॉक्सही सीलबंद होतो आणि दोघांचे फेज बरेच जवळ येतात.


विजापूर वेस

खर्ज६९ सरांचे विवेचन मी जपून ठेवले आहे. मात्र या चर्चेवरून कोणी असा समज करून घेऊ नये की, वेगळ्या आकारांचा उपयोग फक्त मिळालेली वस्तू वाया जाऊ नये एवढ्यापुरताच असतो. मी मुद्दाम वेगळे आकार निवडले आहेत आणि दीड वर्ष ते समाधानाने ऐकत आहे.

माझ्या हॅचबॅकमध्ये सीएनजीची टाकी आहे. डिकीत उरलेल्या जागेत एक सीलबंद १२ इंची कसाबसा बसतो. दुसऱ्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून चालकाच्या सीटखाली ८ इंची चपटा सबवूफर बसवला. दोघांना एकच काम न देता मी कामे वाटून दिली आहेत. डीएसपीमध्ये (आवाज डिजिटल पद्धतीने वाटून देणाऱ्या यंत्रात) ५० हर्ट्झच्या खालचे सगळे १२ इंचीकडे आणि ५० ते ९० हर्ट्झ ८ इंचीकडे, दोन्ही बाजूंना दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. उघड्या हवेत एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनाला चौपट हलावे लागते. केबिन त्यातले बरेच ओझे उचलते, तरीही ८ इंचीला ३० हर्ट्झला जुंपणे मला पटत नाही. पन्नासच्या वर मात्र तो चपळ आणि स्वच्छ वाजतो, आणि सीटखाली असल्यामुळे ढोलकी समोरच वाजते आहे असा भास होतो.

यात खरी मेहनत वेळ जुळवण्याची होती. माझ्या कानापासून डिकीतला सबवूफर सीटखालच्यापेक्षा १.७ मीटर जास्त लांब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे डिकीतला आवाज ५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात, तेव्हा जेथे दोघांची कामे एकमेकांना भेटतात नेमक्या तेथेच ९० अंशांचा फरक पडत होता. सीटखालच्या सबवूफरला डीएसपीतून ५ मिलिसेकंद उशीर दिला आणि मग मोजून, ऐकून थोडा कमी-जास्त केला. त्याआधी आठवडाभर मी पैसे फुकट गेले असेच समजत होतो.

आपल्या गाडीत दोन्ही बॉक्स डिकीतच शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे आपल्याला या अंतराची चिंता नाही. परंतु आता दोन ॲम्प्लिफायर होणार, तेव्हा एक काळजी घ्यावी. एकाच्या लो-पास (ठरावीक वारंवारतेच्या वरचे कापणाऱ्या) फिल्टरचा उतार १२ डेसिबलचा आणि दुसऱ्याचा २४ चा असेल, तर कापण्याच्या वारंवारतेवर दोघांत नव्याने ९० अंशांचा फरक तयार होतो. हेड युनिटमध्ये (गाडीतल्या मुख्य स्टीरिओत) सबवूफरचा लो-पास असेल तर तो एकच वापरावा आणि दोन्ही ॲम्प्लिफायरचे फिल्टर बंद करावेत.


अक्कलकोटरोडकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ दिला याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे छोटा ॲम्प्लिफायर पुन्हा जोडून घेतला, मुख्य तार बदलली, दोन्ही ॲम्प्लिफायरचे फिल्टर बंद करून हेड युनिटचा लो-पास ८० हर्ट्झवर ठेवला आणि सेल लावून तपासणी केली. दोन्ही कोन बाहेरच आले, म्हणजे तारा सरळ होत्या. रविवारी सकाळी होटगी रोडच्या पुढे एका मोकळ्या जागेत गाडी उभी करून मोजणी केली, कारण घराजवळ ३० हर्ट्झचा सूर लावणे शेजाऱ्यांवर अन्याय झाला असता.

पोर्ट उघडा असताना ३० हर्ट्झला १२ इंची एकटा ९२, १० इंची एकटा ८७ आणि दोन्ही मिळून ८९. पंचेचाळीसला अनुक्रमे ९६, ९७ आणि १००. त्रेसष्टला ९५, ९४ आणि १००. कोन सर्वांत स्थिर राहतो ती वारंवारताही ४५ हर्ट्झच निघाली.

मग आमच्याच मागावरचा टॉवेल गुंडाळून पोर्टमध्ये ठासला. टॉवेलमधून थोडी हवा जात असल्याचे हाताला जाणवत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी प्लायची गोल चकती कापून, कडेला फोमची पट्टी लावून पोर्ट पक्का बंद केला आणि पुन्हा मोजले. आता ३० हर्ट्झला १० इंची एकटा ८७च देतो, परंतु दोन्ही मिळून ९६ झाले. म्हणजे ८९ वरून ९६. पंचेचाळीसला १० इंची एकटा ९७ वरून ९२ वर उतरला, तरीही दोघांची बेरीज पूर्वीइतकीच १०० राहिली. त्रेसष्टलाही तो एकटा ९२ वर आला आणि बेरीज जेमतेम अर्ध्या डेसिबलने कमी झाली. पोर्टमुळे मिळणारा जास्तीचा जोर बेरजेत मला कधी मिळतच नव्हता, हे आकडे पाहून मी स्तब्ध झालो.

ऐकण्यातला फरक आकड्यांपेक्षाही मोठा आहे. तळ परत आला आहे आणि बेसचा प्रत्येक स्वर सारख्या वजनाने येतो. पूर्वी काही स्वर उसळायचे आणि काही गायब व्हायचे. तुळजापूरच्या गोंधळाचे एक घरगुती ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, त्यातल्या संबळाची घुमार मी इतक्या वर्षांत प्रथमच नीट ऐकली.

आता दोन शंका उरल्या आहेत. आवाज बराच वाढवला की १० इंचीचा कोन पूर्वीपेक्षा जास्त हलताना दिसतो; हे धोक्याचे आहे का? आणि परवा भर दुपारी टेंभुर्णीपर्यंत मोठ्या आवाजात गेलो, तेव्हा शेवटी बेस थोडा मवाळ वाटला. ॲम्प्लिफायर मात्र एकदाही बंद पडला नाही.


खर्ज६९

आपण केलेली मोजणी पाहून अतिशय आनंद झाला. दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. व्हॉइस कॉइल १०० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळजवळ ३९ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच गेनवर तिच्याकडे जाणारे वॅट ७२ टक्क्यांवर येतात. आवाजात हा फरक सुमारे दीड डेसिबलचा असतो, आणि मवाळपणा जाणवायला तो पुरेसा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी त्याहून तापते, त्यामुळे कॉइलची उष्णता बाहेर पडायला वावच राहत नाही.

वेगळ्या आकारांच्या जोडीत आणखी एक गोष्ट घडते. लहान सबवूफरची कॉइल सहसा लहान असते आणि ती लवकर तापते, त्यामुळे सकाळी गार गाडीत बसवलेला दोघांचा तोल दुपारी तसाच राहत नाही. म्हणून १० इंचीचा गेन मोजणीने येतो त्यापेक्षा किंचित कमी ठेवावा. बेरीज थोडी कमी होईल, परंतु तोल टिकेल. आणि मोठ्या आवाजात तासभर ऐकल्यानंतर मवाळ वाटले म्हणून आवाज वाढवू नये. त्याने कॉइल आणखी तापते.


नवीपेठ फिटर

दादा, पहिल्या शंकेचे सांगतो. पोर्टेड बॉक्स सीलबंदपेक्षा मोठाच बांधलेला असतो. आपला बॉक्स मी पाहिलेला नाही, पण १० इंचीचा तयार पोर्टेड बॉक्स बहुधा ३० ते ३५ लिटरचा येतो, आणि सीलबंदसाठी त्याला १७ ते २० लिटर पुरतात. जागा जास्त असल्याने आतल्या हवेची स्प्रिंग सैल पडते आणि कोन जास्त हलतो. पूर्वी ४५ हर्ट्झच्या आसपास पोर्टच कोनाला धरून ठेवत होता, तोही आता नाही. कडकड असा आवाज येत नसेल तर आज धोका नाही, परंतु उपाय सोपा आहे. सबवूफर काढून बॉक्सच्या आत लाकडाचे ठोकळे स्क्रूने आणि फेविकॉलने पक्के बसवावेत आणि दहा-बारा लिटर जागा भरून काढावी. ठोकळा हलता राहिला तर तोच खडखडेल, म्हणून नुसता चिकटवू नये. गादीवाल्याकडचा फायबर कापूस आत भरायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये; कापसाने हवेला बॉक्स आणखी मोठा झाल्यासारखा वाटतो, आणि आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे आहे.

ठोकळे बसवल्यावर १० इंचीचा तळाचा आवाज थोडा बदलेल, त्यामुळे तिन्ही वारंवारतांची मोजणी पुन्हा करावी आणि मगच गेन पक्का करावा. पोर्टवरची चकती स्क्रूवर ठेवली असेल तर तशीच राहू द्यावी. पुढे कधी आपण १२ इंची काढून फक्त १० इंची ठेवायचे ठरवले, तर ठोकळे आणि चकती काढून तो बॉक्स पुन्हा पोर्टेड करता येईल, आणि एकटा असताना तो तसाच जास्त जोरात वाजेल. त्या वेळी त्याच्या ॲम्प्लिफायरचा सबसॉनिक (अगदी तळाचे सूर कापणारा) फिल्टर मात्र ३५ ते ३८ हर्ट्झवर सुरू करायला विसरू नये, कारण ट्यूनिंगखाली पोर्टेड बॉक्समधल्या कोनाला हवेचा आधार राहत नाही.